फोडाला सलाम

आमच्या गल्लीत कुणाला फोड आला, की करीमचाचा आधी त्या फोडाला सलाम करतात आणि मग माणसाची विचारपूस करतात.

"पू म्हणजे घाण न्हाई, साहेब. लढाईत कामी आलेले शिपाई हायेत ते," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. माझ्या मानेवर तेव्हा गळू होतं.

नांदेडच्या एका लॅबमध्ये चाचांनी चौतीस वर्षं पांढऱ्या पेशी मोजल्या. त्यांच्या हिशेबानं शरीरात पहारेकरी दोन प्रकारचे.

"एक शिकलेला. त्याला शत्रूची नीट ओळख पटवून तयार व्हायला आठवडा लागतो. दुसरा अडाणी, पण दारात पहिला तोच. तो नाव-गाव विचारत न्हाई, जंतूच्या अंगावरचं कापड बघतो. तसलं कापड आपल्या शरीरात विणतच न्हाईत! दिसलं की गिळलं, आत तेजाब सोडलं, खलास."

"आणि गिळणारा?"

"बऱ्याचदा तोही खलास. म्हणून तर सलाम."

यंदा माझ्या बायकोचे केमोचे डोस लातूरला सुरू झाले. दुसऱ्या डोसनंतर पांढऱ्या पेशी नऊशेवर आल्या. किमान चार हजार हव्यात. साधी सर्दीही महागात पडेल, भेटायला कुणाला येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं, आणि जायचं तर जीप भरून. नाही कसं म्हणावं, या काळजीत मी रिपोर्ट चाचांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या फाटकात खुर्ची टाकून बसले. येणाऱ्यानं दोन्ही हात पुढे करायचे आणि एकदा नाकानं जोरात श्वास ओढून दाखवायचा. पहिल्या दिवशी नऊ जण आले, नऊ परत गेले. भाजीची पिशवी घेऊन आलो तर मलाही अडवलं.

"हात धुतले?"

"चाचा, घर माझं आहे."

"ते जंतूला काय म्हाईत?"

मला संशय येऊ लागला. न बोलावता माणूस दिवसाचे आठ तास दुसऱ्याच्या दारात का बसेल? आमच्या घरात कोण येतं, कोण जातं, याच्याशी याला काय करायचंय? "बसू द्या हो," बायको म्हणाली. मला ते पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुरुडहून सासुरवाडीची मंडळी आली. एका जीपमध्ये अकरा. सगळ्यांत पुढे मेहुणा, हातात द्राक्षं.

"सख्ख्या बहिणीला भेटायला परवाना लागतो का?" तो कडाडला.

"परवाना दाखवला तरी नाक वाहूनच राहिलंय ना तुमचं," चाचा शांतपणे म्हणाले.

अकराही जणांनी खिडकीतून हात हलवला आणि चहा न घेता जीप परत गेली. जाताना मेहुणा मला म्हणाला, "दाजी, लई चांगला पाहुणचार केला!" आता मात्र चाचांना उठवायचंच, असं मी ठरवलं.

चौथ्या दिवशी बाहेर आलो तर खुर्ची फाटकात नव्हती. रस्त्यापलीकडे, लिंबाखाली होती. आता लांबून पाळत! मी तडक रस्ता ओलांडू लागलो.

"तिथंच थांबा!" चाचा ओरडले. नाकाला रुमाल होता. "रात्रीपासून शिंका येऊन राहिल्यात मला."

"मग घरी आराम करा ना. इथं कशाला बसलात?"

त्यांनी खुर्ची आणखी थोडी मागे सरकवली. मग म्हणाले, "आमच्या पोरीचा, रबियाचा रिपोर्ट मीच काढला होता, साहेब. सातशे. दोनदा मोजलं. सगळ्यांना दारातून परत लावलं, तिच्या अम्मीलासुद्धा. सर्दी मलाच होती. पण मला कोण अडवणार? घरचा माणूस ना मी. रात्रंदिवस उशाशी बसून राहिलो, ती जाईपर्यंत."

मी आणलेली सगळी वाक्यं तशीच घेऊन परत फिरलो आणि फाटकात माझी खुर्ची टाकली. दुपारी शेजारच्या काकू आल्या. मी म्हटलं, "हात दाखवा."

सोमवारी नवा रिपोर्ट आला. चाचा अजून पलीकडेच होते. शिंका थांबून एकच दिवस झाला होता, आणि त्यांच्या मते तो पुरेसा नव्हता.

"किती?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तीन हजार दोनशे!"

ते खुर्चीवरून उठले. आमच्या खिडकीत बायको उभी होती. चाचांनी रुमाल डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं तिला सलाम केला.

मग पुन्हा पलीकडेच बसले.