सोनकांबळेचा नापास क्लेरिक

एका पुजाऱ्यावर अन्याय होतोय हे पटवून देण्यासाठी सोनकांबळेनं मला कंपनीच्या बसमध्ये निगडीपासून चाकणपर्यंत खिडकीशी दाबून धरलं होतं. तळवड्याच्या चौकात गाड्या तुंबल्या तसा त्याला आणखीच हुरूप आला. देऊळ कुठलं, ट्रस्टी कोण, असं मी विचारत राहिलो. शेवटी कळलं की पुजारी खरा नव्हताच. तो एका खेळातला होता.

दिनेश सोनकांबळे आमच्या कंपनीत क्वालिटीला. पार्ट डोळ्यांजवळ न्यायचा, सुस्कारा टाकायचा आणि ‘रिजेक्ट’ म्हणायचं, हे त्याचं काम. चेहराही कामाला शोभेसा. त्यानं नुसतं बघितलं तरी कॅन्टीनमधल्या वड्याला धाकधूक वाटावी.

खेळ मात्र मजेचा होता. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पुढे काय होणार ते फासे टाकून ठरतं. रहाटणीला, डिझाइनमधल्या प्राजक्ताच्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी हा डाव पडायचा. गोष्ट प्राजक्ता सांगायची. मीही जायला लागलो आणि चोर झालो. सोनकांबळे कायम क्लेरिक, म्हणजे मंत्रानं जखमा भरणारा पुजारी.

“तुझा देव कुठला?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“आमच्या घरात देव नाही राव. आम्ही बुद्धाला मानणारे. ताकद कुठून येते ते सोडा, पेशंटपर्यंत पोचते का ते बोला.”

ती पोचत नाही, हीच त्याची तक्रार. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे क्लेरिकनं जखमी माणसापर्यंत चालत जायचं, दोन्ही हात त्याच्यावर ठेवायचे, मोठ्यानं मंत्र म्हणायचा, आणि एवढं करून जखम भरणार चिमूटभर. “कामगार राबवायचा आणि हत्यार द्यायचं नाही, असला प्रकार आहे हा,” सोनकांबळे म्हणायचा. मग दर रविवारी तो नवा नियम घेऊन यायचा. आधी क्लेरिकचं चालणं काढा म्हणाला. मग हात ठेवणं काढा. मग मंत्र कुजबुजला तरी लागू व्हावा.

“तुझा क्लेरिक झोपून लढणार आहे का?” मी विचारलं.

“का? झोपलेल्यानं लढायचं नाही?”

सगळे हसले. तो हसला नाही, पण तो एरवीही हसायचा नाही.

प्राजक्ता त्याचे नियम एकेक करून नापास करायची. एकदा कंटाळून तिनं एक नियम दुपारपुरता चालवून बघितला. क्लेरिक डोंगराखाली बसून राहिला, आम्ही वर जाऊन अजगर मारून आलो, आणि कुणाला साधं खरचटलंही नाही. “बिनमिठाचं वरण झालं हे,” ती म्हणाली. “दिनेश, रिजेक्ट.”

“मॅडम, टेस्टिंग झालंय याचं,” तो म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं वाक्य. फाशांचंही टेस्टिंग करायचा तो. खिशातून व्हर्नियर काढून फाशाची प्रत्येक बाजू मोजायचा. पण नियमांचं टेस्टिंग हा घरी बसून कुणाबरोबर करतो, हे आम्हाला कोडं होतं. लग्न झालेलं नव्हतं. घरी कोण असतं विचारलं की “असतात” म्हणायचा आणि बूट घालायला लागायचा.

नियम नापास झाला की तो फार वेळ बूट घालायचा.

एका रविवारी तो आलाच नाही. फोन उचलेना. तो आणि न सांगता गैरहजर, हे बसणारं नव्हतं. प्राजक्ता म्हणाली, चल. तिच्या स्कूटरवरून आम्ही आकुर्डीला गेलो. वडिलांनी कारखान्यात असताना बांधलेलं दोन खोल्यांचं घर. दार सोनकांबळेनंच उघडलं. खांद्यावर ओला टॉवेल होता. आम्हाला बघून तो दारातच आडवा उभा राहिला.

“दिन्या, कोण आहे?” आतून बारीक आवाज आला.

“कंपनीतले, दादा.”

“मग आत घे की.”

आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर त्याचा मोठा भाऊ होता. मोटरसायकल घसरून मानेला मार बसलेला. मानेखालचं शरीर तेव्हापासून नुसतं सोबत असल्यासारखं. आवाजही श्वासाला परवडेल तेवढाच. दोन दिवस ताप होता म्हणून सोनकांबळे घरी राहिला होता. उशाशी बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं. त्यात फासे.

“मॅडम तुम्हीच का?” दादानं विचारलं. “माझे नियम नापास करणाऱ्या?”

प्राजक्तानं सोनकांबळेकडे बघितलं. सोनकांबळे टॉवेलाची घडी घालत होता.

“क्लेरिक मी असतो,” दादा म्हणाला. “हा योद्धा होतो. मार खाऊन येतो, मी बरा करतो. म्हणजे करायला बघतो. इतकी वर्षं हा मला उचलतोय, धुतोय, भरवतोय. मी याचं काय करणार? म्हटलं, निदान खेळात तरी करू. तर तुमच्या पुस्तकात म्हणे चालत जा, हात ठेव. हा म्हणाला, दादा, आपण घरातल्या घरात नियम बदलू, कुणाला कळतंय? मी म्हटलं, घरातली सूट नको मला. टेबलावर पास करून आण.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी सोनकांबळे हलला नाही.

आता प्राजक्ता डोळे पुसेल आणि सगळे नियम पास करून टाकेल, असं मला वाटलं. तिनं खुर्ची ओढली आणि भांडायला सुरुवात केली.

“दादा, तुमचा क्लेरिक फुकटात बरं करतो. ते मी नाही चालवून घेणार. त्याला काहीतरी सोसावं लागेल.”

दादाचे डोळे एकदम चमकले. “बोला.”

“चालू नका, हात लावू नका, कुजबुजा. जखम पूर्ण भरेल. पण त्या जखमेचं दुखणं थोडा वेळ क्लेरिकच्या अंगात येणार.”

दादा हसला. हसताना त्याला धाप लागली. “मॅडम, मानेखाली काही कळलंच नाहीये मला कधीपासून. दुखणं देताय? द्या की.”

नियम पास झाला. तिथंच, पलंगाभोवती बसून आम्ही डाव मांडला. फासे दादाच्या वतीनं सोनकांबळे टाकत होता. पहिल्याच झटापटीत त्याच्या योद्ध्याच्या पाठीत भाला घुसला. दादा पुटपुटला. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. सोनकांबळेनं फासा टाकला, आकडा बघितला आणि म्हणाला, “भरली.”

“दुखतंय,” दादा म्हणाला. इतक्या समाधानानं हा शब्द उच्चारलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

त्यानंतर रविवारचा डाव आकुर्डीलाच पडू लागला. दादा चिवट खेळायचा. माझ्या चोराला त्यानं कितीदा वाचवलं, आणि प्रत्येक वेळी वर टोमणा मारला. पण ताप पुन्हापुन्हा येत राहिला. छातीत कफ साठायचा. पुढेपुढे दादाचं बोलणं फक्त सोनकांबळेला कळायचं, तो ते आम्हाला सांगायचा. थंडी संपता संपता दादा गेला. दवाखान्यात बाहेर बाकावर सोनकांबळे बसला होता. मी शेजारी बसलो. त्यानं एवढंच विचारलं, “भाऊ, बस किती वाजता सुटली आज?” त्या दिवशी रजेचं कळवायचं राहिलं होतं त्याचं.

कामावर तो लगेच रुजू झाला. पार्ट बघायचा, पण सुस्कारा टाकणं बंद झालं. नुसताच ‘रिजेक्ट’. खेळाचं आम्ही कुणी बोललो नाही. मग एका रविवारी दुपारी तो स्वतःहून रहाटणीला आला आणि नेहमीच्या खुर्चीवर बसला.

“क्लेरिक?” प्राजक्तानं विचारलं.

“नको. तो दादाचा. मी नुसता निरोप्या होतो. योद्धा द्या.”

क्लेरिक मी घेतला. प्राजक्तानं गोष्ट सुरू केली. एक खिंड होती, धुकं होतं, लुटारू होते. सोनकांबळे सगळ्यांच्या पुढे गेला. गरज नसताना गेला. वार त्याच्या छातीवर बसला.

माझी पाळी आली. मी मंत्र कुजबुजलो आणि फासे हातात घेतले.

सोनकांबळेनं टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं.

“थांब राव,” तो म्हणाला. “इतक्यात बरं नको करूस.”

मी फासे खाली ठेवले. प्राजक्तानं पुस्तक मिटलं. त्याचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. तो काढून घेईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.