गपगुमानचा शोध

एका जंगलात (वाघ होता का, विचारू नका, होता, पण आज त्याचं काही काम नाही) ओढ्याच्या काठी गपगुमान नावाचं झुडूप उगवायचं. पोट दुखून रडणाऱ्या पिल्लाला त्याचं पान चघळायला दिलं, की पिल्लू गप्प. म्हणून ते नाव. जंगलात नावं अशीच ठेवतात, फार डोकं चालवत नाहीत.

एका हिवाळ्यात जर्मनीहून डॉक्टर ग्रुबनर आले. जातीनं करकोचे, पेशानं वनस्पतिशास्त्रज्ञ. चोचीवर चष्मा. बाकीचे करकोचे बेडूक शोधायचे, हे पानं शोधायचे. सापडलं की मुळासकट उपटायचं, टीपकागदात दाबायचं, वाळवून कागदावर चिकटवायचं. याला शास्त्र म्हणतात, बाळांनो. हसायचं नाही.

गपगुमान दिसताच डॉक्टर नाचायलाच लागले. "नवी जात! जगाला अज्ञात!"

"अहो, आम्ही तर रोज खातो की," भागाबाई सायाळ म्हणाली.

"खाता. पण चिकटवता का?"

भागाबाईनं आणखी एक पान तोंडात टाकलं.

डॉक्टरांनी झुडपाचं बारसं केलं. नाव ठेवलं ग्रुबनेरिया विल्हेल्मिना. अर्धं स्वतःचं, अर्धं प्रवासखर्च देणाऱ्या सरदारीणबाईंचं. मग एक गठ्ठा बर्लिनला, एक व्हिएन्नाला, थोडे नमुने मित्रांना आणि सगळ्यांत जास्त एका शत्रूला, जळावा मेला म्हणून. शेवटचं झुडूप त्यांनी स्वतःसाठी उपटलं.

त्याच आठवड्यात भागाबाईच्या पिल्लानं कसलंसं विषारी फळ खाल्लं. पोट टम्म फुगलं, डोळे पांढरे झाले. भागाबाई ओढ्यावर धावली. तिथे नुसते खड्डे. तशीच डॉक्टरांकडे आली.

"साहेब, एक पान द्या हो! पोर चाललंय माझं!"

"अशक्य. हा मूळ नमुना आहे. शंभर वर्षांनी विद्वान येऊन बघतील."

"आणि माझं पोर उद्या कोण बघणार?"

"भावना समजतात, बाई. पण भावना चिकटवता येत नाहीत."

भागाबाईचं डोकंच फिरलं. तिनं काटे फुलवले. डॉक्टर फडफडत झाडावर. तिनं कागद ओढला आणि पिल्लाच्या तोंडात कोंबला. पान, डिंक, लॅटिन नाव, सगळं. थोड्या वेळानं पिल्लानं मोठा ढेकर दिला आणि डोळे उघडले. भागाबाई ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सरपंच हत्तींनी सभा बोलावली.

"या बाईनं जंगलातलं शेवटचं ग्रुबनेरिया संपवलं!" डॉक्टर म्हणाले.

"आणि आधीची कुठे गेली?" हत्तींनी विचारलं.

"ती सुरक्षित आहेत. मेलेली आहेत, पण सुरक्षित."

हत्तींना हे फार पटलं. एका जातीचा निर्वंश केला म्हणून भागाबाईला जंगलाबाहेर काढलं. तीच जात शोधली म्हणून डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला. भागाबाई पिल्लाला घेऊन निघून गेली. सभेत टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनी वाजवल्या, ज्यांची पिल्लं अजून आजारी पडायची होती.

तात्पर्य काय, तर झाड संपवायचंच असेल तर आधी त्याला नाव द्यावं. पोर वाचवण्यासाठी उगाच संपवू नये.