मुखडा कधी येणार?

सकाळी तुळशीला पाणी घालताना सुधाकरकाकांचा तांब्या एकाएकी वर उडाला की समजायचं, घरात लावलेल्या गाण्याचा मुखडा आला. पाणी थेट भिंतीपलीकडे, माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर.

"सॉरी बरं का विनायक! पण मुखडा ऐकलास का? क्या बात हाय!"

काका आमच्या जिंतूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून घरात एकटेच. कॉलेजला हैदराबादेत होते, तिथं खोलीतल्या दोस्ताकडं इंग्रजी कॅसेटी होत्या. तेव्हापासून हे पॉवर पॉपचं याड. म्हणजे काय, असं मी एकदा विचारून बसलो.

"गिटार भांडायलीय आन चाल लाडात यायलीय, दोन्ही एकदम! मुखडा लवकर येतो, आन आला की परत परत येतो. पाव्हण्यानं असंच असावं."

आर्ट पॉपचं मात्र त्यांना कोडं. "मुखड्याची वाट बघत बसावं तर हे लोक मधेच कुजबुजतेत, दार वाजवतेत. एखादी जागा अशी घेतेत की काळजात रुतावी. मंग तिला तिथंच टाकून निघून जातेत! शिव्या द्याव्या का दाद द्यावी, समजत न्हाई."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता पुण्यात राहून नेमकं तेच गाऊ लागली. तिचा फोन आला, पहिलं गाणं घेऊन येतेय, समोर बसवून ऐकवणार. काकांची झोप उडाली.

"छान म्हणलं तर खोटं. न्हाई म्हणलं तर पोरगी रुसणार. तू येऊन बस बाबा. मला ठसका लागला की पाणी आणायला ऊठ."

मुक्तानं टीव्हीशेजारी स्पीकर ठेवला. गाणं सुरू झालं. म्हणजे, झालं असावं. आधी घुंऽघुं, मग कुणीतरी पातेलं घासल्यासारखं. काका आढ्याकडं बघत होते. इतक्यात मुक्ताचा आवाज आला, एकटाच. एक ओळ दोनदा म्हणून विरून गेला. काका खुर्चीत पुढं सरकले. नंतर पुन्हा घुंऽघुं, आणि संपलं.

"कसं वाटलं, बाबा?"

मी उठायच्या बेतात होतो, पण ठसका काही लागला नाही.

"खरं सांगू? निम्मं मला समजलंच न्हाई. पण ती ओळ... ती परत का न्हाई आली गं? मी वाट बघायलो होतो."

मुक्ता हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले.

"हुश्श! तुम्ही 'छान' म्हणाल याचीच भीती होती. सगळे छानच म्हणतात बाबा, ऐकत कुणी नाही."

काकांनी एवढा मोठा श्वास सोडला, जणू गाणं सुरू झाल्यापासून धरूनच ठेवला होता. मग ती ओळ परत यावी की नाही, यावर बापलेकीचं भांडण भाकरी गार होईपर्यंत चाललं.

दोन दिवसांनी ती गेली. त्याच संध्याकाळी काकांच्या घरातून घुंऽघुं ऐकू आलं. संपलं. पुन्हा सुरू झालं. मी भिंतीवरून डोकावलो. काका दिवा न लावता बसले होते.

"काय काका, आवडायला लागलं वाटतं?"

"न्हाई रे," ते म्हणाले. "पण गाणं लय लांब हाय ना, ते बरं हाय. तेवढा वेळ पोरगी घरात असती."