पिराजी नावाड्याचे अमूर्तीकरण

कलाकृतीत जितके कमी दिसते तितके तिच्यात अधिक असते, हे आता सर्वमान्य आहे. १९५४ साली कोल्हापुरात भरलेल्या प्रदर्शनात ‘अनंतयात्रा’ हे चित्र पहिले आले. त्याविषयी आयोजक कलामंडळाची पुस्तिका म्हणते : ‘प्रवास, अध्यात्म आणि निसर्गातील आकृतिबंध यांतून साकारलेली अमूर्त कृती.’

यातला शब्द न् शब्द खरा आहे. प्रवास घडला : चित्रकार पार्श्वनाथ मगदूम यांनी हे चित्र एस.टी.तून, मांडीवर धरून, नृसिंहवाडीस नेले. अध्यात्म घडले : ते पिराजी या मृत नावाड्याचे, तो हयात असताना काढलेले व्यक्तिचित्र होते, आणि त्याच्या विधवेस, बायडाबाईस, देण्यापूर्वी मगदुमांनी ते दत्तदर्शनासाठी ओवरीत टेकवले. उरलेले काम निसर्गाने केले. त्याच दिवशी कृष्णा चढली. (पाणी देवापर्यंत आले की वाडीत त्याला पूर म्हणत नाहीत, पर्वणी म्हणतात, माणसे स्नानाला धावतात, सामान कोणी उचलत नाही.) आठवड्याने पाणी उतरले तेव्हा जलरंगातला पिराजी विरघळला होता आणि कागदावर गाळाच्या सुरेख लाटा उमटल्या होत्या. पिराजीचा फोटो कधी निघालेला नव्हता.

‘नवे काढून देतो,’ असे सांगून मगदुमांनी कागद परत आणला. तो मंडळाचे चिटणीस दत्तोपंत यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांचे डोळे भरून आले.

प्रदर्शनास ३१२ रसिक आले. पैकी ३०४ जणांस अनंत दिसला, सात जणांस हिमालय. एका बाईस नवरा दिसला.

“हे आमचं मालक हायती,” बायडाबाई म्हणाली. “ह्यो कान बघा की. नावंचा दोर लागून फाटलेला.”

“बाई, अमूर्तात कान नसतो,” दत्तोपंत सौम्यपणे म्हणाले. “जरा लांबून पाहा.”

“चाळीस वर्सं जवळनं बघितलंय, सायेब. आता लांबनं काय बघू? एवढंच ऱ्हायलंय त्यांचं. द्या मला.”

चित्र दुसऱ्या दिवशी मुंबईस जायचे होते. मंडळाने तातडीची सभा भरवून ठराव केला : कानाचा प्रश्न कलाबाह्य आहे, तथापि चित्रकाराचा जबाब घ्यावा. तो इतिवृत्तातून जसाच्या तसा देतो :

“चित्र पिराजीचंच आहे. पहिल्या दिवशीच सांगणार होतो. पण एवढी शिकलेली माणसं त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिलेली बघितली, आणि धीर झाला नाही. बाईंना चित्र द्या, बक्षीस परत घ्या. फक्त एक सांगा. त्याचा चेहरा धड असता, तर एका नावाड्याला बघायला तुमच्यापैकी कोण आलं असतं?”