आमच्या लॉनवरचं बुजगावणं

लॉन पुन्हा उगवून दाखवतो, असं मी मुलीला सांगून बसलो तेव्हा मला लॉनबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्यावर पाय ठेवायचा नसतो. (हे मला लग्नानंतर लगेच शिकवण्यात आलं होतं. घरासमोरचा तो हिरवा तुकडा हिचा. मी कडेच्या फरशीवरून, भिंतीला खांदा घासत जायचं. उभा जन्म मी स्वतःच्या घरात चोरासारखा शिरलो.)

ही गेली पावसाळा सरता सरता. साध्या तापाचं निमित्त झालं आणि सगळं आटोपलं. भेटायला माणसं आली, खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि जिच्यावर तिनं कधी मांजराला बसू दिलं नाही त्या हिरवळीवर सगळी गल्ली येऊन बसली. खुर्च्यांचे पाय ओल्या मातीत रुतत होते. मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. ती गेली हे मला तेव्हा कुठं समजलं.

थंडीत उरलंसुरलं गवतही पिवळं पडून गेलं. मी पाणी घातलं नाही. स्वतःपुरता चहा करायचासुद्धा मला कंटाळा यायचा, गवताचं कोण बघतो? मग एके दिवशी मुलगी आली आणि घरभर फिरून माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, हे घर बंद करू या. तुम्ही आमच्याकडे चला."

"का? मला इथं काय धाड भरलीय?"

"तुमचा चष्मा फ्रिजमध्ये होता."

"जपून ठेवला होता."

"आणि बाहेर बघा जरा. आई असती तर..."

मुलीचं घर मोठं आहे, जावई म्हणजे देवमाणूस. पण त्या घरात ही कुठं बसायची, कुठं ठेचकाळायची, कुठल्या खिडकीतून मला हाक मारायची, यातलं काहीच नाही. मला तिथं जायचं नव्हतं. म्हणून मी बोलून गेलो, "उन्हाळा संपायच्या आत लॉन होतं तसं करून दाखवतो. नाही जमलं तर बॅग भरून येतो." मुलगी 'बरं' म्हणाली. ती इतक्या पटकन 'बरं' म्हणाली, तिथंच मी घाबरलो.

नर्सरीवाल्याकडे गेलो.

"ऊन किती येतं तिथं?" त्यानं विचारलं.

"कल्पना नाही. सकाळी मी झोपलेला असतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, गवताच्या बियांची पिशवी हातात दिली आणि बजावलं, "वर माती भुरभुरवा आणि पाणी झारीनं घाला. पाइपनं नको." झारी काही सापडली नाही, पाइप समोरच होता. परिणामी सगळं बी वाहत फाटकापाशी जाऊन थांबलं. काही दिवसांनी फाटकाखाली एक सुरेख हिरवी शेंडी आली आणि बाकी सगळं टक्कल. (माझ्या डोक्यावर नेमकी हीच रचना आहे.)

दुसऱ्यांदा बी आणलं, झारीही आणली. आता पाखरं आली. चिमण्या, साळुंक्या, पारवे. पंगतीला यावं तशी आली. मी काठी घेऊन खुर्चीत पहाऱ्याला बसलो आणि जाग आली तेव्हा काठीवर एक साळुंकी बसली होती.

शेवटी बुजगावणं उभं करायचं ठरवलं. दोन बांबू आडवेउभे बांधले. कपडे हवे होते. हिचं कपाट उघडायचा धीर मला अजून झालेला नव्हता, पण मागच्या दारामागं खिळ्याला तिचे बागेतले कपडे तसेच लटकत होते. फुलाफुलांचा विटका गाऊन, तपकिरी स्वेटर, रुंद काठाची टोपी. स्वेटरच्या बाहीला वाळलेली माती होती. ती मी झटकली नाही.

संध्याकाळी खिडकीतून बाहेर बघितलं आणि आधी मीच दचकलो. मग बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "फरशीवरूनच आलोय हं."

एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "अगं, उन्हात काय उभी राहतेस? आत जा बघू!" या शेजारच्या हेडबाई. शाळा सुटून वर्षं झाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण आवाजातली छडी शाबूत आहे. ओरडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. आता मला बोलणी बसणार असं मी धरून चाललो होतो. पण त्या एवढंच म्हणाल्या, "टोपी जरा तिरकी घालायची ती."

मी टोपी तिरकी केली.

पाखरं मात्र हटेनात. उलट दुप्पट आली. बाहीवर बसली, टोपीवर बसली, एक चिमणी तर स्वेटरच्या खिशात डोकं घालून बघत होती. बी सगळं साफ! त्याच आठवड्यात मुलगी आली. फाटकातच थिजली आणि समोर बघत राहिली. तिला काय वाटेल याचा विचार मी केलाच नव्हता. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, बुजगावणं आहे. पण उपयोग नाही. भीतच नाहीत मेली."

"आईला कशी भितील?" ती रडता रडता हसायला लागली. "बाबा, ती रोज पहाटे याच कपड्यांत त्यांना दाणे टाकायची. खिशातून काढून."

मला माहीत नव्हतं. मी झोपलेला असायचो. म्हणजे पाखरांना भिववायला मी नेमकं तेच माणूस उभं केलं होतं, ज्याची ती थंडीभर वाट बघत होती. (आणि वर बी पसरून ठेवलं होतं! त्यांना वाटलं असणार, बाई परत आल्या आणि या खेपेला सढळ हातानं वाढलंय.) मला बियांचं काही वाटलं नाही. त्या चिमणीनं खिशात बघितलं होतं, त्याचं फार वाईट वाटलं.

मुलीनं ते कपडे उतरवले, स्वेटर थोडा वेळ तोंडाशी धरला आणि सगळं पुन्हा खिळ्याला अडकवलं. जाताना म्हणाली, "उन्हाळा अजून आहे, बाबा." तिला धमकी द्यायची होती की धीर, ते मी विचारलं नाही.

ती गेल्यावर मी बुजगावण्याला माझा ऑफिसचा शर्ट, पँट आणि कानटोपी चढवली आणि तिसऱ्यांदा बी पेरलं. त्यानंतर अंगणात एक पाखरू उतरलं नाही. एक साळुंकी लांबूनच बघून तोंड फिरवून गेली. गवत आलं. उन्हाळाभर पहाटे उठून मी झारीनं पाणी घातलं, तण उपटलं, मागच्या दाराशी पाखरांना दाणे टाकले. मी आत गेल्याशिवाय ती खात नसत, पण खात होती. पावसाळ्याच्या तोंडाशी लॉन असं झालं की खिडकीतून बघताना मी हिला हाक मारायला वळायचो. बघायला हवी होती ती नव्हती.

मग मुलीचा फोन आला. मी भर दुपारी अंथरुणात पडलो होतो.

"बाबा, तुम्ही तिथंच राहा. माझी काळजी मिटली."

"लॉनचं कळलं वाटतं तुला?"

"लॉनचं नाही. हेडबाईंना मी रोज फोन करते. त्या म्हणाल्या, ते बुजगावणं काढल्यापासून तुझे बाबा पार बदललेत. दिवसभर बागेत ताठ उभे असतात, उन्हाचीसुद्धा पर्वा नाही. त्या जे सांगतात ते शांतपणे ऐकून घेतात. उलट उत्तर नाही की काही नाही."

मी उठून खिडकीतून बघितलं. हेडबाई कुंपणाशी उभ्या राहून माझ्या कानटोपीवाल्या बुजगावण्याला काहीतरी समजावत होत्या आणि तो ऐकत होता.

"बाबा? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.

तेव्हापासून या घरात राहायची परवानगी त्याला आहे. मी त्याच्याकडे असतो.