खरात मामांची बाज

आमचे खरात मामा झोपून कामावर जात. कामावर जाऊन झोपणारी माणसं आमच्या फॅक्टरीत पुष्कळ आहेत, त्यांची नावं मी इथं घेत नाही. पण घरून निघतानाच आडवं होऊन, पाय पुढं पसरून, आभाळाकडं तोंड करून थेट शेंद्र्याच्या फॅक्टरीपर्यंत येणारा माणूस एकच.

त्यांची सायकल आडवी होती. दोन जुन्या सायकली कापून केलेला लांबलचक सांगाडा, पुढं लहान चाक, मागं मोठं, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढं, आणि मधोमध घरच्या मोडक्या बाजेची नायलॉनची पट्टी विणून केलेली तिरपी बैठक. त्या पट्टीमुळं सगळी मुकुंदवाडी तिला बाज म्हणायला लागली. खुलताबादच्या चढावर मामांनी एकदा एक गोरा पाहुणा तसल्या सायकलवरून जाताना पाहिला होता. त्यांना पाठीचं दुखणं होतंच. घरी न जाता ते तसेच शकीलभाई वेल्डरकडं गेले आणि खडूनं फरशीवर चित्र काढून दाखवलं. शकीलभाईंनी ते चहूबाजूंनी बघितलं.

"मामा, सायकल बनानी है या पलंग?"

"कायबी म्हण. पाठ टेकली पायजे. आन् घंटी माझी जुनीच लाव, पितळेची हाय."

ही घंटी मामा कधीच वाजवत नसत. रस्त्यात कुणी आडवं आलं की खालून "सरका, सरका" असं ओरडत. आता चालत्या माणसाला गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला की तो सरकायच्या ऐवजी आधी दचकतो आणि मग खाली बघतो. तोवर मामा त्याच्या पायाशी आलेले असत. घंटी असताना ओरडता कशाला, असं मी एकदा विचारलं. "झिजती," म्हणाले.

मी त्याच फॅक्टरीत स्टोअर सांभाळतो आणि मुकुंदवाडीत त्यांच्या मागच्या गल्लीत राहतो. आमच्याकडं सलाईनच्या बाटल्यांची रबरी बुचं बनतात. मामा इन्स्पेक्शनला. दिव्याखाली मान घालून दिवसभर बुचं बघायची, चांगली पांढऱ्या ट्रेमध्ये, खराब लाल ट्रेमध्ये. लाल ट्रेमध्ये बूच टाकताना मामा मोठ्यानं "रिजेक्ट!" म्हणत. हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की तो घरीदारी कुठंही पडायचा. कँटीनचा उपमा रिजेक्ट, डॉक्टरांनी सांगितलेला पाठीचा पट्टा रिजेक्ट, माझा नवा शर्ट मला न विचारता रिजेक्ट. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. मी स्टोअर, उपमावाला कँटीन, मोठे साहेब ॲडमिन. आडवी सायकल कशासाठी, असं विचारणाऱ्याला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "दिवसभर खालीच बघतो ना टेबलावर. जाता-येता तरी वर बघावं माणसानं." आभाळ बघायला आवडत असेल, असं आम्ही समजायचो.

मामांची एक मुलगी, सुजाता. बायको लवकर गेली. पोरीची वेणी घालण्यापासून तिला कॉलेजच्या बसमध्ये बसवण्यापर्यंत सगळं मामांनी केलं. ती वेणी इतकी घट्ट असायची की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या दिसत. त्या सुजातानं लॉकडाऊनच्या दोन वर्षं आधी मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका मुलाशी परस्पर लग्न ठरवलं. मुलगा सरळ होता. मामांचा राग वेगळाच होता. सगळ्या गल्लीला कळल्यावर त्यांना कळलं होतं. "बाप इन्स्पेक्शनला असून पोरीनं माल डायरेक्ट डिस्पॅच केला," असं ते म्हणाले, आम्ही हसलो, आणि नंतर लक्षात आलं की ते हसत नाहीत. लग्नात चार पाहुण्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "जावई रिजेक्ट. तिच्या घराची पायरी चढणार नाय." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. जावयाचा उल्लेख कधी झालाच तर 'तो मोबाईल' असा व्हायचा.

मग लॉकडाऊन लागलं. शहर बंद झालं, पण सलाईनच्या बाटलीला बूच लागतंच, म्हणून आमची फॅक्टरी चालू राहिली. कंपनीनं बस दिली, एका सीटवर एकच माणूस. मामांनी बसकडं बघून आपला शब्द उच्चारला आणि बाजेवर आडवे झाले.

जालना रोडवर एरवी ट्रकांमुळं रस्ता ओलांडायची सोय नसते. त्या दिवसांत कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली असत आणि त्यांच्याच उंचीवरून मामा जात. चिकलठाण्याच्या अलीकडं पहिल्याच दिवशी हवालदारानं अडवलं. आमची बस मागंच उभी होती, म्हणून हे मी खिडकीतून ऐकलं.

"ओ काका! काय होतंय तुम्हाला? ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"काय नाय होत. कामाला चाललोय."

"असं झोपून?"

"बूच इन्स्पेक्शन," मामा म्हणाले आणि झोपल्या झोपल्या पास वर धरला. तो वाचायला हवालदाराला वाकावं लागत होतं, आणि अंतर ठेवायचा तर हुकूम होता. त्यानं दोन पावलं मागं जाऊन, गुडघ्यावर हात ठेवून, डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला. शेवटी त्याचा जोडीदार वैतागून म्हणाला, "जाने दे रे. बिस्तर साथ में लेके घूम रहे हैं. इनसे अच्छा क्वारंटाईन कौन होगा?"

थोड्याच दिवसांत हुकूम निघाला की सगळ्यांनी बसनंच यायचं. बाहेर कोण कुठं थांबतो, कुणाला भेटतो, याची कंपनीला खात्री हवी होती. ॲडमिनच्या साहेबांनी मामांना बोलावलं. मी एका सहीसाठी तिथं आधीच उभा होतो, आणि हेच माझं चुकलं.

"मामा, सोमवारपासून बस."

"बस रिजेक्ट."

"मग लॉकडाऊन उठेपर्यंत घरी बसा. सायकल चालणार नाही."

मामा काहीतरी तिरकस बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ते बराच वेळ हातातल्या टोपीची शिवण चाचपत राहिले. "साहेब, विनंती करतो," ते म्हणाले. "बाकी कायबी सांगा. बाज नका बंद करू."

विनंती हा शब्द मामांच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकला नव्हता. साहेबही गडबडले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सवलत दिली: सायकल चालेल, पण एक दिवस जरी उशीर झाला तर बंद. शिवाय वाटेत कुठं थांबायचं नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हे तुमच्याच गल्लीतले ना? तुम्ही सायकलवर यांच्यासोबत येत जा."

असा मी, ज्याला स्टोअरच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची गंजकी सायकल काढून मामांच्या दारात उभा होतो. मनातल्या मनात मी मामांना, त्यांच्या पाठीला आणि त्या गोऱ्या पाहुण्याला नावं ठेवत होतो.

निघालो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर शेंद्र्याकडं वळायचं, तर मामा उलटे वळले.

"अहो मामा, शेंद्रा इकडं!"

"या गपचिप."

आतल्या एका गल्लीत ते शिरले. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली बिल्डिंगा, खाली बंद दुकानांची शटरं, कुठं चिटपाखरू नाही. मामांनी वेग कमी केला. आणि त्यांनी घंटी वाजवली. एकदाच. त्या शांततेत ती इतकी खणखणीत वाजली की मी पडता पडता राहिलो.

तिसऱ्या मजल्यावरचं गॅलरीचं दार उघडलं. सुजाता बाहेर आली. दिवस भरत आले होते, ते खालूनही कळत होतं. तिच्या हातात एक ओलं फडकं होतं, ते तिनं दोरीवर टाकलं, काढलं आणि पुन्हा टाकलं. तिनं हात केला नाही. मामांनीही केला नाही. त्यांची बाज थांबलीही नाही. गोगलगायीसारखी सरकत होती आणि मामा पाठ टेकून, मान जराही न हलवता, वर बघत होते. गल्ली संपली. दार लागल्याचा आवाज आला.

चिकलठाणा मागं पडलं. मग राहवेना. "मामा, ही बाज यासाठी बनवली?"

"नाय. पाठीसाठीच बनवली. नंतर एकदा या गल्लीतून जाताना कळलं, वरचं दिसतं म्हणून. साध्या सायकलवरून बघायचं तर थांबा, मान वर करा. सगळ्या गल्लीला दिसतं, बापाचा ताठा उतरला म्हणून. हिच्यावर माणूस कुठं बघतोय ते कुणाला कळत नाय."

"मग जा की वर. पायरीचं एवढं काय घेऊन बसलात? विसरून जा आता."

"विसरलोच हाय." मामा म्हणाले. "पन आता कसं जाऊ? रोज शंभर माणसांत काम करतो मी. तिची ही अशी वेळ. भांडण होतं तेव्हा कधीबी जाता येत होतं, स्टोअर. तेव्हा गेलो नाय. आता जावं वाटतंय, तर आपलाच भरोसा नाय."

"फोन तरी करा."

"ती रडली तर काय करू फोनवर?"

तेवढ्यात चढ लागला. मी उतरून सायकल ढकलायला लागलो.

त्यानंतर रोज आम्ही त्या गल्लीतून जायला लागलो. घंटी एकदा, दार, ओलं फडकं. मला वाटतं, ते फडकं ती मुद्दाम भिजवून ठेवत असावी. बाकीच्या रस्त्यावर मामा माझ्या सायकलच्या चेनला नावं ठेवत.

एके दिवशी घंटी वाजली आणि दार उघडलं नाही.

मामांनी बाज न थांबवता पुन्हा वाजवली. खालच्या मजल्यावरची एक बाई खिडकीच्या जाळीआडून म्हणाली, "काल रात्री दवाखान्यात नेलंय तिला. कुठल्या ते नाय माहीत." तिनं लगेच खिडकी लावून घेतली. त्या दिवसांत दवाखान्यात नेलंय एवढं ऐकलं तरी माणसाच्या मनात आधी नको तेच येत असे, मग कारण काहीही असो. गल्लीबाहेर पडताच मामांनी मला फोन लावायला सांगितला. सुजाताचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. फोन बंद. जावयाचा नंबर मी मागितला. "नाय माझ्याकडं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खरात मामा ओशाळलेले दिसले.

त्या दिवशी ते दिव्याखाली बसले, पण पांढऱ्या ट्रेमध्येही काही पडेना आणि लाल ट्रेमध्येही. एकच बूच हातात धरून बसले होते. पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं त्यांचा ट्रे हळूच आपल्याकडं ओढून घेतला. दुसऱ्या दिवशीही गॅलरी रिकामी होती, दोरीवर काहीच नव्हतं आणि फोन बंद होता. मला मामांची दया आली आणि रागही आला. दोन वर्षं हा माणूस नुसता खालून बघत राहिला, याचा राग.

तिसऱ्या दिवशी मामांनी घंटी वाजवायच्या आधीच दार उघडं होतं. गॅलरीत जावई उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, तोंडावर मास्क आणि हातात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं गाठोडं. त्याच्यामागं दाराच्या चौकटीला धरून, कानाला रुमाल बांधलेली सुजाता.

मामांनी ब्रेक दाबला. त्या गल्लीत बाज पहिल्यांदाच थांबली.

"मामा!" जावई वरून म्हणाला. फॅक्टरीत सगळेच त्यांना मामा म्हणतात, पण रीतीनं तसं म्हणायचा हक्क असलेला माणूस हाच एक होता. "मामा, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. सुजूचा फोन तिकडंच पडला, फुटला, म्हणून—" त्यानं ते गाठोडं कठड्याच्या वर, उजेडात धरलं. आडव्या माणसाला नीट दिसावं म्हणून जरा तिरपंही केलं.

मामा बघत राहिले. मास्कच्या वर त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. पाठीवर पडलेल्या माणसाचं पाणी तिकडंच जाणार. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

मग एकदम ओरडले, "अरे अमोल! उन्हात काय धरतो लेकराला? आत घे, आत घे आधी!"

त्याचं नाव अमोल आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी ते तोपर्यंत एकदाही तोंडात घेतलं नव्हतं. अमोल घाईघाईनं आत वळला. सुजाता दारातच उभी राहिली आणि तिनं हात वर केला. मामांनीही केला.

"मामा, उशीर झालाय," मी हळूच म्हणालो. "बाज बंद होईल."

"पंक्चर झाली म्हणून सांगा. तुमची," ते म्हणाले आणि पायडल मारलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी घंटी वाजवली. मग पुन्हा वाजवली. मुकुंदवाडी गेली, चिकलठाणा गेलं, रस्ता लांबपर्यंत मोकळा होता, सरकायला माणूस नव्हता की कुत्रं नव्हतं, आणि खरात मामा आभाळाकडं तोंड करून थेट शेंद्र्याच्या गेटपर्यंत घंटी वाजवत गेले.