सगुणाबाईसाहेबांच्या तबकडीची हकीकत

श्री. ज्याने वाणी दिली आणि वेळ भरताच परत नेली, त्या दयाघनाचे चरणी माथा ठेवून जैसे घडले तैसे लिहिले असे; पदरचे घातले नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पक्षी एके राज्यी महाराजांस देवाज्ञा होऊन वर्ष भरत आले, आणि वर्षश्राद्धास कन्या सगुणाबाईसाहेब नऊ वर्षांनी माहेरी आल्या. नऊ वर्षे का, तर बाईसाहेबांनी वडिलांचा शब्द मोडून परमुलखीच्या एका वैद्याशी लग्न लाविले, आणि महाराजांनी भर दरबारी हुकूम फर्माविला की, कन्येचे नाव या राज्यात कोणी घेऊ नये. दुसरे कोणी घेतही नसे. महाराज मात्र स्वतः घेत, आणि घेतले म्हणजे असे गर्जत की कबुतरे छत सोडून उडत. अंतकाळी बापलेकीची भेट जाहली नाही. परंतु शेवटल्या आजारात महाराजांनी देवघरातील, बोललेले फितीवर धरून ठेवणारे जुने यंत्र जवळ मागविले, त्यात आरती म्हटली, आणि मग पुजाऱ्यास आज्ञा केली की, "आता सगुणेशी बोलणे आहे, तुम्ही बाहेर व्हा." पुजारी यंत्र चालूच ठेवून बाहेर जाहले, दार लोटले, आणि आत महाराजांनी लेकीस क्षमा केली की तळतळाट दिला, हे भिंतींवाचून कोणास ठाऊक नाही. बाईसाहेबांस एवढेच जाणायचे होते. त्यासाठी त्या दोन नद्या ओलांडून आल्या होत्या.

फीत तर पुराणी, देवघरच्या दमटात वर्षभर पडलेली, बोट लावावे तो तपकिरी मसाला बोटास यावा. कारभारी दाजीपंत, वय सत्तरीचे, जिभेस हाड नाही, ते फीत ताटात आणि यंत्र गड्याच्या डोक्यावर घेऊन उमाक्का कातारणीकडे आले. उमाक्का कोण, तर राज्यात वाजणाऱ्या, आवाजाच्या तबकड्या कोरणारी एकटी हीच. बापाचा धंदा पाळण्याचे खांब आणि लाटणी कातण्याचा. हिने लेथ तोच ठेवून त्यावर हिऱ्याची सुई बसविली, आणि वीस वर्षे महाराजांचे हुकूम तबकड्यांवर कोरून गावोगाव धाडिले. बाई एकवचनी, एकादश्या सांभाळणारी, काम हाती घेतले की अन्न वर्ज्य. तिने फीत उजेडात धरिली आणि म्हणाली, "पंत, ही एकदाच फिरेल. मध्ये थांबविली तर चिकटून बसेल, आणि दुसऱ्यांदा फिरविली तर भुगा होईल." दाजीपंत म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखीच म्हणा की, अक्का." उमाक्का म्हणाली, "तुमचा अजून भुगा व्हायचाय. दुसरे यंत्र असते तर आधी त्यावर उतरवून घेतली असती." पंत म्हणाले, "दुसरे यंत्र घ्यायला महाराजांची कधी मर्जी जाहली नाही. म्हणत, माझा आवाज मीच पुरे आहे." मग दोघेही थोडे हसले, आणि मग कोणी हसले नाही.

तबकडी कोरणे म्हणजे काय, तर परमुलखी कारखान्यात शेकड्याने छापतात तसे नव्हे. येथे एक तबकडी एकदाच जन्मते, आणि बोलणे जितका वेळ चालेल तितकाच वेळ कोरणे चालते. प्लास्टिकची कोरी तबकडी दिव्याखाली कोमट करावी, लेथवर फिरती ठेवावी, सुई बाहेरच्या काठावर टेकवावी, आणि आवाजाच्या थरथरीसरशी ती सुई आपला चर कापीत कापीत आत मध्याकडे सरकते. निघणारे सूत केसासारखे वर येते, ते कुंचल्याने सारीत राहावे. पाऊल वाजले तर पाऊल कोरले जाते, म्हणोन खोलीत कोणी थांबावयाचे नाही. एका अंगावर दोन आरत्यांइतके बोलणे मावते. आणि मुख्य गोष्ट ही की, आवाज चढला तर चर वेडावाकडा फाकतो, शेजारच्या चरात शिरतो, आणि मग वाजविताना सुई उडी मारते. म्हणोन मोठा आवाज येण्याआधीच उजव्या हाताचे चाक फिरवून दोन चरांत अंतर वाढवावे लागते. आवाज आल्यावर फिरविले तर उशीर. कोरणाराने आवाजाच्या एक श्वास पुढे असावे. उमाक्का महाराजांच्या पुढे वीस वर्षे होती.

एकादशी सोडून द्वादशीच्या सकाळी कोरणे ठरले. बाईसाहेब बाहेर ओट्यावर बसल्या, पंत शेजारी. बाईसाहेब दारातून म्हणाल्या, "अक्का, मी आत बसते, श्वाससुद्धा घेणार नाही." उमाक्का म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही श्वास धराल, पण रडणे धरवणार नाही. तबकडीवर तुमचे हुंदके येतील, तुमचे आबासाहेब यायचे नाहीत." मग दार लाविले. फीत फिरली, यंत्राचा भोंगा केव्हाच मुका जाहला होता म्हणोन आवाज तारेने थेट सुईत गेला, सुई टेकली, आणि सुई स्वतःच बारीक गाऊ लागली, डबीत भुंगा धरावा तशी. त्या गुणगुणीत शब्द ओळखू येत नाहीत, चढउतार तेवढा येतो. ठाऊक असलेले मात्र कानास सापडते. आरती सापडली. आरती सरली, थोडे सामसूम गेले, आणि मग तीन अक्षरांची हाक आली, "सगुणे," आणि उमाक्काचा हात तिला न विचारता चाकावर गेला. नऊ वर्षांत या नावामागून काय येते हे त्या हातास ठाऊक होते. एकदा याच नावापायी चर फाटून अख्खी तबकडी वाया गेली होती. तिने अंतर वाढविले, आणि वाट पाहिली. गुणगुण हळूच चालली होती. तिने मनाशी म्हटले, आता चढेल. आणि चाक सोडिले नाही. मग म्हटले, आता तरी चढेल. रुंद रुंद वाट खात सुई मध्याकडे निघाली, आणि आवाज चढला नाही, आणि तबकडी संपली.

सुई उचलावी लागली. फीत फिरतच होती. फीत एका अंगापुरतीच दिसली होती, म्हणोन दुसरी तबकडी कोमट केलेली नव्हती, फीत थांबविता येत नव्हती. उमाक्काने कान सुईला लाविला. उचललेली सुई हवेत गुणगुणत होती, आणि त्यात अर्ध्या आरतीइतके बोलणे आले आणि गेले, आणि एक शब्द हाती लागला नाही. मग फीत तुटली, आणि लेथवर तपकिरी पूड पडली. उमाक्का ती पूड पाहत उभी राहिली. मग तिने दार उघडिले.

ओट्यावर तबकडी लाविली. आधी खरखर आली, कढईत रवा भाजावा तशी, आणि तिच्यापलीकडून, जाड पडद्यामागून कोणी म्हणावी तशी, आरती आली. जेथे सकार तेथे आवाज फुटून शिट्टी होई, तरी महाराजच होते. मध्ये खोकले तेही महाराजच. बाईसाहेबांनी पदर तोंडात धरिला. मग "सगुणे" आले, मग "बस अशी," मग "वैद्यबुवा बरे आहेत ना?" मग दम लागला, मग "त्या दिवशी दरबारात मी जे बोललो, ते," आणि पुढे रिकाम्या चरात सुई गोल गोल फिरत राहिली.

बाईसाहेब म्हणाल्या, "ते काय?" मग उमाक्काकडे वळून, "अक्का, ते काय?" उमाक्काने हात जोडिले आणि जाहले ते सारे सांगितले. दाजीपंतांनी तिला बाजूस ओढून कानाशी म्हटले, "अगं, सांग की, 'ते मी परत घेतो' म्हणाले म्हणून! सुईला कान लावलास हे खरेच आहे. बाप दुसरे काय बोलणार? एका शब्दाने पोरीचा जन्म सुटेल." उमाक्का म्हणाली, "पंत, माझे खरे बोलण्याचे व्रत बाजूस ठेवते, त्याचे पाप मी फेडीन. पण तो शब्द महाराजांचा नसेल, माझा असेल, आणि त्या तो जन्मभर बापाचा म्हणून उराशी धरतील." आणि तिने मान हलविली.

बाईसाहेब उठल्या, फार रागावल्या, राग तो वडिलांचाच. "वीस वर्षांची कारागीर तू! लाटणी कातणाराच्या लेकीहाती माझा बाप दिला मी! कशाला फिरविलेस ते चाक? कोणी सांगितले होते?" उमाक्काने तबकडी उचलून उन्हात तिरपी धरिली आणि भिंग पुढे केले. बाहेरचे चर विणल्यासारखे दाट, आणि आत मध्याजवळ मोकळी मोकळी पट्टी. "बाईसाहेब, ही जागा मी आबासाहेबांच्या रागासाठी राखली होती. राग आला नाही. मी थांबले, तरी आला नाही. पुढे फीत उरली होती तेव्हाही कान लावून होते, आवाज तसाच खाली होता. एवढेच माझ्याने शपथेवर सांगवते. क्षमा होती की नुसता थकवा होता, ते मला ठाऊक नाही."

बाईसाहेबांनी भिंगातून बहुत वेळ पाहिले, मग त्या पट्टीवर बोटे आडवी धरून मापिली, आणि म्हणाल्या, "आबांच्या रागाला दोन बोटं? कमीच धरलीस, अक्का." आणि हसावयास गेल्या, आणि तेथेच ओट्यावर बसून लहान मुलासारख्या रडल्या. उमाक्का जवळ बसली, पाठीवरून हात फिरवावयास धजली नाही, मग धजली. पंत खांबाकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी डोळे पुसून बाईसाहेब म्हणाल्या, "थकलेच असतील गं." आणि काही वेळाने, "वैद्यबुवा म्हणाले. नावानिशी नाही, पण बुवा म्हणाले." मग तबकडी रेशमी फडक्यात घेऊन स्वारी दोन नद्या ओलांडून सासरी गेली.

येणेप्रमाणे तात्पर्य: महाराज बोलिले, कन्येने अर्धे ऐकिले, उरलेले देवाने आपल्यापाशी ठेविले. अशी तबकडी मऊ, दर वाजविण्यात थोडी झिजते, म्हणोन बाईसाहेब ती वर्षातून एकदा, तिथीस, नैवेद्य दाखवून लावितात, आणि वाक्य तुटते तेथे सुई लगेच उचलीत नाहीत. उमाक्का अद्याप कोरते. परंतु आवाज चढल्यावाचून चाकास हात लावीत नाही, आणि त्यामुळे तिच्या कैक तबकड्यांचे चर फाटतात. लोक म्हणतात, अक्काचा हात गेला. ती ऐकते आणि नवी तबकडी दिव्याखाली ठेविते. इति.